पाठीमागचा निकेश

१

डोंगरावरचं गाव म्हटलं की बाहेरच्या लोकांना थंड हवा आठवते. आमच्या घाटपेठेत मार्च लागला की नळालाच गरम पाणी येतं. मूल शहराकडून येणारी बस घाट चढताना धापा टाकते, पोंभुर्ण्याकडची तर कधीकधी चढतच नाही, आणि एवढं करून वर आलं की काय दिसतं, तर एक बाजारओळ, एक शाळा, एक पाण्याची टाकी आणि चहूकडून जंगल. पण फ्लेक्सची हौस मात्र दांडगी. बारशाचा फ्लेक्स, पोलीस भरतीत पास झाल्याचा फ्लेक्स, मेल्याचा फ्लेक्स. जिवंतपणी ज्याला कोणी चहा विचारत नाही तो मेल्यावर चौकात हसत उभा राहतो. माझा नवराही राहिला होता. पावसानं त्याचा अर्धा चेहरा धुऊन नेला तेव्हा मीच जाऊन सांगितलं, बाबांनो, आता उतरवा.

निकेशला मागच्या मोहाच्या हंगामात वाघानं नेलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुन्हा सांगायचं बळ मला राहील असं वाटत नाही. पहाटे तो आणि त्याची आई, म्हणजे माझ्या सासूबाई गुणाबाई, आमच्या मोहाखाली फुलं वेचायला गेले होते. आई पुढं वाकून वेचत होत्या, तो त्यांच्या मागं. आईंना काहीसुद्धा ऐकू आलं नाही. टोपली भरली म्हणून त्यांनी वळून हाक मारली, तर त्याची टोपली होती आणि तो नव्हता. नंतर जे सापडलं ते एका गाठोड्यात मावलं. मला ते कोणी उघडू दिलं नाही.

माझा भाऊ बल्लारपूरला असतो. तो तेव्हापासून म्हणतोय, शिलाई मशीन उचल आणि इकडे ये. मी गेले नाही ते आईंसाठी. त्यांना माझ्याशिवाय कोणी नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही त्यांच्याशिवाय कोणी नाही. रात्री जेवताना "निकेशले हे लय आवडे" असं म्हणणारं जगात दुसरं माणूस उरलेलं नाही. मला माझी सासू हवी होती, इतकं साधं होतं ते.

यंदा होळी झाली आणि चंदन एक खोकं घेऊन माझ्या शिलाईच्या दुकानात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, आला. चंदन निकेशचा दोस्त. मोबाइल दुरुस्ती करतो आणि उरलेल्या वेळात गावाच्या निसर्ग मंडळाचा अध्यक्ष असतो. दरसाल हंगामात मंडळाचा मोह मेळावा भरतो. पहाटे सगळ्यांनी मिळून फुलं वेचायला जायचं, मग पोरांची पक्षी ओळखायची स्पर्धा, मग शाळेत खिचडी. गेल्या वर्षी मेळावा झालाच नाही, त्याचं कारण सांगितलंच आहे.

"वहिनी, राग नोका मानू," चंदन म्हणाला, "पण यंदा मुखवटे केले."

मुखवट्यांचं आमच्याकडे नवल नाही. वाघ मागून येतो. वाकून वेचणाऱ्या माणसाच्या डोक्याच्या मागच्या बाजूला चेहरा बांधला की त्याला वाटतं, हा आपल्याकडेच बघतोय, आणि तो बुजतो. मागं कोण्या संस्थेनं रबराचे वाटले होते. त्यांना असा वास यायचा की लोकांनी ते शेतातल्या बुजगावण्यांना चढवले.

चंदननं खोकं उघडलं. पातळ प्लास्टिकच्या पत्र्यावर छापलेला, कानाशी कापलेला, खऱ्या डोक्याएवढा निकेश. त्याच्याखाली निकेश. त्याच्याखालीही निकेश.

"एखादा हिरो नाई भेटला का तुले?" मी म्हटलं. आवाज माझा मलाच चिरका वाटला.

"हिरो बनावटी वाटते वहिनी. आपल्या गावचा माणूस पाह्यजे. निकेशभाऊ सगळ्यायची पाठ राखीन, असं मनात आलं."

"आपल्या गावचा माणूस वाघानं पाह्यला आहे, चंदन."

त्याचे डोळे भरून आले. तेवढ्यात आतून आई आल्या. खोक्यापाशी बसल्या, वरचा मुखवटा उचलला आणि पदरानं पुसला. वर्षभरात त्यांच्या चेहऱ्यावर हसू दिसलं ते तेव्हा.

"किती साजरा दिसून राह्यला," आई म्हणाल्या. "उर्वशी, यायले इलास्टिक लावून दे बाई."

मी लावून दिलं. माझ्याच मशीनवर, माझ्याच हातानं.

२

मेळाव्याच्या दिवशी उजाडायच्या आत शाळेच्या मैदानावर गाव जमलं. माइक खरखरला, सरपंचांचं भाषण झालं, चहा झाला. मग सगळ्यांनी डोक्याच्या मागं निकेश चढवला आणि टोपल्या घेऊन निघाले. मी पाण्याच्या ड्रमपाशी होते, त्यामुळे सगळ्यात मागं राहिले.

पुढून पाहिलं तर शेजारपाजारची रोजची माणसं. मागून पाहिलं तर सगळा निकेश. म्हाताऱ्यांच्या अंबाड्यावर निकेश, टकलावर निकेश, रिबिनी बांधलेल्या वेण्यांच्या मध्ये निकेश. फोटो लायसनसाठी काढलेला होता. ओले केस चापून बसवलेले, दाढी गुळगुळीत केलेली, आणि फोटोवाल्यानं हस म्हटलं म्हणून ओठ मिटून हसलेला. हे सगळे चेहरे माझ्याकडे बघत बघत टाकीच्या बाजूनं चढ चढत होते आणि लहान लहान होत होते. पाठमोरं जाणारं माणूस आपण रोज बघतो. पण तोंडावर हसू ठेवून, आपल्यावरची नजर न काढता लांब जाणारा नवरा मी कधी पाहिला नव्हता. मी ड्रमचा काठ घट्ट धरला.

"मले नोको बाई हे." बाजूला सुकरी उभी होती. तिनं आपला मुखवटा माझ्या हातात ठेवला. सुकरी आमची शेजारीण, गोंडाची. तिचा मोहा आमच्या मोहाला लागून. जंगलात ती आणि आई कितीक वर्षं सोबतीनं जात आल्या होत्या.

"काऊन? साजरा नाई का?"

"साजरा आहे. पण निकेशले आपण सगळ्यायनं पोचवलं ना? मंग झालं." एवढं बोलून ती चढाला लागली. तिची उघडी मान तेवढी मला शेवटपर्यंत दिसत राहिली.

मेळावा छान झाला. पोरांनी नीलपंखाला खंड्या म्हटलं आणि त्यावरून मास्तरांमध्येच भांडण जुंपलं. खिचडीला मीठ कमी होतं. लोकांनी मुखवटे काढून टोपल्यात टाकले, काहींनी त्यांचाच पंखा करून वारा घेतला. मला उगाच वाटलं होतं, सगळं ठीक आहे, असं मी मनाशी म्हटलं. आईंनी मात्र मुखवटा काढला नाही. तशाच जेवल्या. त्यांच्या मागं बसून मी वाढत होते आणि निकेश माझ्याकडे बघत होता.

३

त्या दिवसापासून आई रोज मोहाला जाऊ लागल्या. वर्षभर ज्या बाईनं टाकीच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं, ती अंधुक उजेडात टोपली घेऊन निघायची. मी अडवलं, रुसले, बोलणं बंद केलं. त्या म्हणायच्या, "आता कायले भेतं? तो आहे ना मागं."

घरी आल्या की मुखवटा दाराजवळच्या खिळ्याला लटकायचा. तोंड खोलीकडे. मी एकदा तो भिंतीकडे तोंड करून लावला, तर पाणी पिऊन येईपर्यंत आईंनी परत फिरवला होता. त्या खोलीतच माझी मशीन आहे. दिवसभर मी ब्लाउज शिवायची आणि तो बघायचा. फोटोच आहे, मी स्वतःला सांगायची, देवाच्या कॅलेंडरसारखा, कुठंही बसलं तरी आपल्याकडेच बघतो.

मग एका दुपारी सुईत दोरा ओवताना माझी नजर वर गेली आणि मला त्याची हनुवटी काळसर दिसली.

मोहाखालचा पाला लोक जाळतात, म्हणजे खाली पडलेलं फूल दिसतं. धूर होतो, काजळी बसते. हे मला लगेच सुचलं आणि मी खूष झाले. ओलं फडकं आणि साबण घेऊन पुसायला बसले. कपाळ पुसलं, गाल पुसले, धूळ आली. हनुवटीचं काळं जाईना. उजेडात नेऊन बघितलं तर तो डाग नव्हता. बारीक बारीक रेघा होत्या, सुट्या, खाली वळलेल्या. त्यावरून बोट फिरवलं तर टोचलं. छपाई उडाली की प्लास्टिक खरबरीत होतं, एवढं मलाही कळतं. मी ते चारचारदा स्वतःला समजावलं.

पण निकेशची दाढी आधी हनुवटीवर यायची आणि गालावर कितीतरी उशिरा. मी त्याला बोकड म्हणायची. हे मला माहीत होतं, आईंना माहीत होतं. मुखवटे छापणाऱ्या मूलच्या फ्लेक्सवाल्याला माहीत असायचं काही कारण नव्हतं.

चंदनकडे उरलेले मुखवटे बघून आले. सगळे गुळगुळीत, सगळे हसरे.

संध्याकाळी आई मोह वाळत घातलेल्या अंगणात बसल्या होत्या. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, तुमचा मुखवटा काळा पडून राह्यला. दुसरा आणून देऊ?"

"राहू दे," आई म्हणाल्या. त्यांनी एक फूल उलटं करून ठेवलं. "वर्षभरापासून तिथी कुठी न्हावी भेटते त्याले."

मी आत गेले आणि कणीक मळायला घेतली. बराच वेळ नुसती मळतच राहिले.

४

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्यासोबत गेले. निकेश गेला तेव्हापासून मी तिकडे फिरकले नव्हते. आमचा मोहा टाकीच्या वरच्या उतारावर आहे. अजून पुरतं उजाडलं नव्हतं. फुलं पडत होती. मोहाचं फूल पडताना वाजतं ते ओलं आणि जड वाजतं, आणि एकदा कान तिकडे लागला की मग आपल्या मागंही कोणी हळूच पाऊल टाकतंय असं वाटत राहतं. गोड वास इतका होता की डोकं जड झालं. शेजारच्या झाडाखाली सुकरी होती, तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या. आई पुढं, मी मागं. मध्ये निकेश.

वेचण्याची एक लय असते. आईंनी मान खाली घातली की मुखवटा वर, फांद्यांकडे बघायचा. त्यांनी मान उचलली की तो माझ्याकडे बघायचा. खाली, वर, खाली, वर. मला जरा हसूसुद्धा आलं. बिचारा, जिवंत होता तेव्हाही असाच आभाळाकडे बघत काम करायचा.

थोड्या वेळानं मी टोपलीतून डोकं वर काढलं. आई गुडघ्यांत मान घालून वेचत होत्या. आणि निकेश समोर बघत होता.

इलास्टिक सैल झालं, मुखवटा मानेवर घसरला, असं मी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. आईंनी मान उचलली. घसरलेला मुखवटा आता खाली, जमिनीकडे बघायला हवा होता. तो समोरच बघत होता. दाढी गालांपर्यंत आली होती. ओठ मिटलेलेच होते, पण त्यांत हसू राहिलं नव्हतं. आणि मला कळलं की तो माझ्याकडे बघतच नाहीये. तो माझ्या खांद्याच्या बाजूनं, माझ्या मागं, खाली कुठंतरी बघतोय.

मी वळले. वाळलेलं गवत होतं, पळसाचं झुडूप होतं. वरून माकड खाकरलं आणि सगळी टोळी ओरडायला लागली. सुकरीनं टोपली टाकून डबा बडवायला सुरुवात केली. "उठा वं! उठा! इकडं या!" खालच्या झाडांवरूनही आरोळ्या आल्या. माझ्या मागं, माझी साडी पोचेल इतक्या जवळ, गवत दबलेलं होतं. मी खुळ्यागत तिथं हात लावला. गवत कोमट होतं.

आईंनी हातातलं फूलसुद्धा खाली ठेवलं नव्हतं.

"त्यानं दावलं ना तुले?" त्या म्हणाल्या. "मंग काऊन भेतं?"

घरी येईपर्यंत निकेशनं मला वाचवलं, असं मन म्हणत होतं, आणि मला त्याची इतकी आठवण आली की मी मोरीत जाऊन रडले. पुष्कळ दिवसांनी पोटभर रडले. त्या दिवशी दुपारपर्यंत मला तो मुखवटा घरात हवाहवासा वाटत होता, हे कबूल करायला हरकत नाही.

मग जेवताना आई म्हणाल्या, "उद्यापासून अंदरच्या मोहाले जातो. तो म्हणते, तिकडं लय फुलं आहेत. कोणी वेचतच नाई."

आतल्या मोहाकडे कोणी जात नाही, कारण निकेशचं जे सापडलं ते तिकडेच सापडलं होतं.

५

मी ठरवायला वेळ लावला नाही. मला वाचवणारा आणि आईंना आत नेणारा एकच होता. नवरा तर गेलाच होता, सासू मला जाऊ द्यायची नव्हती.

आई सुकरीकडे वाळवण बघायला गेल्या तेव्हा मी खिळ्यावरचा मुखवटा काढला. त्याच्याकडे बघितलं नाही. उलटा धरला, तरी हाताला कडेनं केस लागत होते. चुलीत घातला आणि वरून काटक्या टाकल्या. आधी प्लास्टिकचा वास आला. मग केस जळाल्याचा आला. प्लास्टिकमध्ये हल्ली काय काय घालतात, कसले कसले वास येतात, असं बडबडत मी खिडक्या उघडल्या. चंदनकडून आणलेला नवा मुखवटा खिळ्याला लावला. गुळगुळीत, ओल्या केसांचा, हसरा. तोंड खोलीकडे.

आई आल्या. चपला काढल्या, खिळ्यासमोर उभ्या राहिल्या. मी मशीनवर मान घालून बसले.

"हा त्याचा फोटो होय," आई म्हणाल्या. "तो कुठी गेला?"

"तोच आहे आई. मी धुतला."

"बरं."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हात धुऊन दुपारची उरलेली भाकरी खायला बसल्या. भाकरीचा एक तुकडा मोडला आणि वळून मागं, दाराकडे पाहिलं. पुन्हा एक तुकडा मोडला, पुन्हा पाहिलं. इतक्या दिवसांत त्यांनी मागं पाहिलं नव्हतं. आता त्यांची मान थांबेना. उंबऱ्यापलीकडे अंगण होतं, मोहाची फुलं पसरलेली होती, उतरतं ऊन होतं.

"काय पाहून राह्यल्या आई?"

"कुठी काय. आला का पाहतो."

संध्याकाळी मी दाराला आतून कडी लावली आणि वर कुलूप घातलं. किल्ली पोलक्यात ठेवली. सकाळी उठले, कुलूप उघडलं, आंघोळीचं पाणी तापवायला अंगणातली चूल पेटवली. आई आत निजलेल्या होत्या, त्यांचं घोरणं मी ऐकत होते. फुंकणीनं जाळ करता करता धूर डोळ्यांत गेला. डोळे पुसून बघते तो घोरणं थांबलेलं, दार उघडं, आणि खिळा मोकळा.

६

सुकरी नळावर होती. मी काही बोलायच्या आत तिनं हंडा खाली ठेवला, डबा उचलला आणि माझ्यासोबत धावायला लागली. टाकी गेली, आमचा मोहा गेला. खाली पाला पेटवलेला होता आणि धूर उतारावर झाडांच्या कमरेइतका साठला होता. सुकरी डबा वाजवत माझ्या डाव्या बाजूनं चढत होती. आवाजावरून कळायचं, दिसत नव्हती.

वरच्या सपाटीवर आले आणि मला आई दिसल्या.

त्या सावकाश चालत होत्या, बाजाराला जावं तशा. डोक्यावर टोपली, मागं नवा निकेश. तो माझ्याकडे बघून हसत होता आणि लहान होत होता. मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. पळाले तर गाठता येतील एवढ्याच लांब होत्या.

आईंच्या शेजारी कोणीतरी चालत होतं.

त्याच्या मागं मुखवटा नव्हता. इतक्या दिवसांत मी नुसते मागं लावलेले चेहरे बघत आले होते, आणि आता पहिल्यांदा मला साधी पाठ दिसत होती. पाठ, मान, डोक्याची मागची बाजू. केस कॉलरच्या खाली आलेले. अंगावर काय होतं ते धुरात नीट दिसलं नाही, आणि जेवढं दिसलं तेवढं मी मनातून काढून टाकलं आहे. पण ती मान मला ठाऊक होती. लग्न झाल्यापासून त्याचे केस मीच कापायची, शिलाईच्या कात्रीनं. डाव्या कानाखाली मला कधी सरळ कापता आलं नाही. तिथली तिरपी रेघ, केस वाढले तरी, होती तशीच होती.

मला "आई" अशी हाक मारायची होती. देवाशपथ, आईच म्हणायचं होतं.

"निकेश!"

दोघंही थांबली.

आधी काहीच झालं नाही. फुलं पडत होती. मग त्याची मान हलली. तो वळायला लागला. सावकाश, म्हाताऱ्या माणसानं वळावं तसा. कान दिसला. मग जबड्याची कड, त्यावरची दाढी. दाढीच्या वर जिथं गाल सुरू व्हायला हवा, तिथवर आलं.

आईंनी हात उचलला. त्याच्या गालावर, म्हणजे गालाच्या जागी, आईंनी तळवा ठेवला आणि त्याचं तोंड हळूच परत पुढं फिरवलं. रस्त्यानं तिरडी जात असली की आया पोरांचं तोंड फिरवतात तसं. फक्त इथं बघू द्यायचं नव्हतं ते मला. हात तिथंच ठेवून त्या स्वतः वळल्या. चेहरा शांत होता. थोडा थकलेला होता.

"घरी जा उर्वशी," त्या म्हणाल्या. "चूल पेटती ठेवून आली तू."

मी गेले नाही, पण पुढंही गेले नाही. पाय उचललाच नाही. दोघं चालायला लागली. त्यांनी हात काढला नव्हता, तशाच कडेकडेनं, त्याला धरून चालत होत्या. निकेशचा फोटो माझ्याकडे बघून हसत हसत लहान होत गेला आणि धुरात मिटला.

सुकरी येऊन पोचली तेव्हा मी खाली बसलेली होते. तिनंही पाहिलं होतं. मी तिला शपथ घालून विचारलं.

"गुणाबाई दिसली," ती म्हणाली. "एकलीच होती बाई. हात वर करून झाडाले धरून उभी होती. मंग धूर आला."

"मंग कोणाशी बोलली ती?"

"तुह्याशी बोलली ना." सुकरीनं माझा दंड धरून मला उठवलं. "चाल. मागं नोको पाहू."

७

गाव शोधायला निघालं. चंदन तर चार दिवस स्वतःच्या घरी जेवायलाही गेला नाही. आतल्या मोहाखाली आईंची टोपली सापडली, काठोकाठ भरलेली, फुलं एकही न चेंगरता रचल्यासारखी. जवळपास रक्त नाही, ओढल्याची खूण नाही, माती जागची हललेली नाही. शोधणाऱ्या माणसांनी मान हलवली. असं होत नाही म्हणाले.

या खेपेला मला गाठोडंही मिळालं नाही.

भाऊ गाडी घेऊन आला. मशीन बांधली, भांडी बांधली, आणि दारात येऊन मी बसले ती उठेना. त्यानं खूप समजावलं, मग चिडला, मग रडला. दुःखानं माझं डोकं फिरलंय असं त्याला वाटतं. फिरलंही असेल. धुरात झाडाचा बुंधा माणसासारखा दिसतो, हे मी त्याच्या आधीपासून स्वतःला सांगते आहे, आणि दिवसा ते पटतंही. पण मोहाचा हंगाम अजून सरलेला नाही.

मी रोज सकाळी जाते. सुकरी थोडं अंतर ठेवून बसते आणि सारखी माझ्याशी बोलत राहते, भाजीचं, नवऱ्याचं, काहीही. मुखवटा मी लावत नाही. चंदनकडचे सगळे मुखवटे त्यानं स्वतःच कुठंतरी पुरून टाकले.

वाकून वेचताना कधीकधी सुकरीचं बोलणं मध्येच तुटतं. फुलं पडायचीही थांबतात. माझ्या उघड्या मानेवर कोमट वारा येतो आणि अगदी मागं कोणीतरी दोघं उभी राहतात. एकाचा श्वास नीट चालत नाही. मला वळून बघायची इतकी इच्छा होते की दातांवर दात येतात. आई, मी मनात म्हणते, तुम्ही निवांत उभ्या राहा, हात उचलू नका. मी वळत नाही.